सबंध गोळी

कुटून झालं की भाभी ती पूड अंगठा आणि तर्जनीत चोळायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या आणि समोरच्याला विचारायच्या, "बारीक का जाडसर?" मिरची असो, हळकुंड असो, येसुराचा मसाला असो, प्रश्न तोच. एकदा बँकेचे नवे साहेब तिखट करून घ्यायला आले आणि वाट बघता बघता आपली बदली या गावात कशी झाली ते सांगू लागले. भाभींनी त्यांनाही विचारलं, "सायेब, बारीक सांगताय का जाडसर? जाडसर असंल तर डंक चालूच ठिवते."

डंक म्हणजे मसाला कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं वर-खाली होतात आणि त्यांच्या धडधडीत माणसाला आपलं स्वतःचं बोलणंही धड ऐकू येत नाही. आमच्या गावात, अंथुर्ण्यात, एसटी थांब्याच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये भाभींचा डंक होता. एसटीतून उतरणारा माणूस आधी शिंकायचा आणि मग गावात शिरायचा. भाभींना मात्र मी कधी शिंकताना पाहिलं नाही. "माझ्या नाकानं कवाच नाद सोडलाय," म्हणायच्या.

त्यांचं खरं नाव मला माहीत होतं, पण गावात ते कुणी वापरत नसे. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या सगळ्यांच्या भाभी. त्यांच्या नवऱ्याला मी भाऊ म्हणत असे, ते माझ्या ऑपरेशनच्या आधीच गेले. सासऱ्याच्या वयाचे म्हातारेही त्यांना भाभीच म्हणायचे. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, ज्याचं नातं सगळ्यांशी एकच असतं.

या भाभींबद्दल आमच्याकडे एक गोष्ट अजून सांगितली जाते. लग्नकार्यात, जेवणाच्या पंगतीत, गोळ्या-औषधांचा विषय निघाला की कुणीतरी ती काढतोच. मसाला कांडणाऱ्या बाईनं तात्यांच्या गोळ्या कुटल्या आणि तात्यांना मरणाच्या दारात नेऊन ठेवलं, अशी ती गोष्ट आहे. ती खोटी आहे. तात्या म्हणजे मी. मी जिवंत आहे आणि त्या राहिल्या नाहीत, म्हणून हे मलाच लिहायला हवं. पण ते नीट सांगायचं तर आधी माझ्या देहाबद्दल सांगावं लागेल, आणि तो विषय एकेकाळी फारच मोठा होता.

मी कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरीला होतो. उसाच्या नोंदी घ्यायच्या, तोडीच्या तारखा सांगायच्या, हे काम. ज्याला आपला ऊस लवकर तुटावा असं वाटतं तो माणूस तुम्हाला उपाशी जाऊ देत नाही. मी लाच म्हणून कधी एक रुपया घेतला नाही, हे मी अभिमानानं सांगत आलो. पण पोहे, थालीपीठ, मटणाचा रस्सा, हुरडा, आणि निघताना "तात्या, एवढा चहा तरी" हे सगळं मी कुणाचं मन मोडू नये म्हणून घेत गेलो. लोकांची मनं शाबूत राहिली आणि माझे गुडघे गेले. कारखान्याच्या वजनकाट्यावरची पोरं म्हणायची, "तात्या, गाडीबरोबर तुमी काट्यावर उभं राहू नका, शेतकऱ्याला जास्तीचं पैसे द्यावं लागत्यात."

निवृत्त झालो तोवर मला चार पावलं टाकली की दम लागायचा. रक्तदाब होता, साखर होती. रात्री माझ्या घोरण्यानं शेजारच्यांची कुत्री भुंकायची. शेवटी मुलानं मला बारामतीला नेलं आणि डॉक्टरांनी माझ्या पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी केली.

गावात बातमी पसरली की तात्यांनी पोट काढून टाकलं. बघायला माणसं आली. एकानं अगदी मनापासून विचारलं, "तात्या, काढलेला तुकडा किती किलो भरला?" दुसऱ्यानं विचारलं, "तुमी बघितला का तो?" मी चमच्यानं डाळीचं पाणी पीत होतो आणि समोर बसून माझ्या समाचाराला आलेले लोक माझ्याच घरची भजी खात होते.

जेवण गेलं आणि त्याच्या जागी गोळ्या आल्या. कॅल्शियम, लोह, जीवनसत्त्वं, आणि आधीच्या रक्तदाबाच्या होत्याच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सुरुवातीचे काही आठवडे गोळी सबंध घ्यायची नाही, कुटून घ्यायची, आणि कॅप्सूल उघडून आतली पूड पाण्यात मिसळायची. आमच्या मंडळींनी, म्हणजे माझ्या बायकोनं, पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या खलबत्त्यात गोळ्या कुटल्या. मी तोंड वाकडं केलं.

"ह्याला लसणाचा वास येतोय."

"मग भाभींकडं जावा," मंडळी म्हणाल्या. "त्यांच्याकडं औषधाचा निराळा खल हाय."

तो होताच. भाभींच्या नवऱ्याला, भाऊंना, पक्षाघात झाला होता आणि त्यांना काही गिळता येत नव्हतं. त्यांच्यासाठी भाभींनी एक छोटा पितळी खल घेतला होता. ते गेल्यावरही खल राहिला. मग गावातले दात पडलेले म्हातारे, लहान लेकरांच्या आया, ज्याला कुणाला गोळी सबंध जात नसे तो भाभींकडे यायचा. मिरचीचं कांडप मोजून पैसे घेऊन, आणि औषधाचं फुकट. पैसे पुढे केले तर त्या हात मागे घ्यायच्या. "ही मिरची न्हाय," एवढंच म्हणायच्या. या कामाचा त्यांना डंकापेक्षा जास्त अभिमान होता, हे मला तेव्हा कळत होतं, आणि पुढे मी जे केलं ते कळत असताना केलं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी पाकीट हातात घेऊन हलवलं.

"बारीक का जाडसर, तात्या?"

"बारीक. पोट लहान केलंय."

"किती लहान?"

मी हातानं दाखवलं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एवढ्या मोठ्या माणसाला एवढुसं पोट. ट्रॅक्टरला मोटरसायकलची टाकी बसवली म्हणा की."

डंकावर थांबलेल्या बाया हसल्या. मीही हसलो. त्या काळात मला टाके असल्यामुळे हसणं परवडत नव्हतं, पण त्यांच्यापुढे न हसता बसणं शक्यच नव्हतं.

भाभी कॅप्सूल ताज्या शेंगेसारखी सोलायच्या. लाल-पिवळी टरफलं बाजूला पडायची, कोंबड्या येऊन चोच मारून बघायच्या आणि नाराज होऊन जायच्या. सकाळची पुडी वेगळी, दुपारची वेगळी. पहिल्या आठवड्यात एकदा माझ्या कॅल्शियमला लवंगेचा वास आला. मी तसं म्हणालो. त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवसापासून खल उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात पालथा घालू लागल्या. बाजाराच्या दिवशी कितीही गर्दी असली तरी माझी पुडी आधी. वाट बघून कंटाळलेली एखादी बाई कुरकुरली तर म्हणायच्या, "तुझ्या मिरचीला घाई न्हाय, तात्याच्या पोटाला हाय."

डंकाजवळच्या बाकड्यावर बसून मी रोज तास-दोन तास घालवू लागलो. नोकरी गेली होती, जेवण गेलं होतं, आणि या दोन्हींशिवाय मला तिसरं काही येत नव्हतं. भाभी मला बोलू द्यायच्या. जाडसर बोलायला लागलो की डंक चालू करायच्या.

काही आठवड्यांनी बारामतीला तपासणीला गेलो. डॉक्टर म्हणाले, "सगळं छान आहे. आता गोळ्या सबंध गिळायला लागा."

घरी येऊन मी कॅल्शियमची गोळी सबंध तोंडात टाकली. ती गोळी पावट्याच्या शेंगेएवढी होती असं मला वाटतं, पण माझ्या मापांवर फार विश्वास ठेवू नका. ती छातीत कुठेतरी अडकली. श्वास चालू होता, पण मला वाटलं की नाही. मी मोरीत वाकून उभा राहिलो, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, आणि मंडळी पाठीत बुक्क्या मारतायत. बऱ्याच वेळानं ती आपोआप खाली उतरली. पण माझ्या मनात ती तिथेच राहिली. त्यानंतर सबंध गोळी जिभेवर ठेवली की हात थरथरायचे, घाम फुटायचा, घसा बंद व्हायचा. माझं वजन उतरत चाललं होतं, कपडे दोनदा आत घ्यावे लागले होते, फक्त भीती पूर्वीच्याच मापाची राहिली होती.

हे सांगायचं कुणाला? माझा आवाज मोठा होता. शेतकी खात्यातला माणूस, चार-चौघांत दरारा. मी घरी सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, अजून कुटूनच घ्या." भाभींनाही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तर म्हणतेच. पोटाला काय दात हायेत का?"

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली. मुलगा तेव्हा खाली गाडी लावायला गेला होता, खोलीत मी एकटाच. डॉक्टर म्हणाले, "ही पोटात हळूहळू विरघळते. दिवसभराचं औषध आहे तिच्यात. ही कुटायची नाही, चावायची नाही. सबंधच गिळायची." मी मान हलवली. ती गोळी लहान होती, गुळगुळीत, गुलाबी. गावात आल्यावर मी ती बाकीच्या गोळ्यांच्या पाकिटात टाकली आणि पाकीट भाभींच्या हातात दिलं.

"ही नवीन दिसती," भाभी म्हणाल्या.

"व्हय," मी म्हणालो.

तेवढंच. डंक बंद होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. मला सगळं स्पष्ट आठवतं, कारण मी गप्प बसलो ते मला ऐकू आलं होतं.

दोन-तीन दिवस नुसतं गरगरलं. मग कन्हेरीला एका साखरपुड्याला गेलो. दिवसभराचं औषध एकदम पोटात गेल्यावर जे व्हायचं ते झालं. मंडपात मुलीच्या बापानं "तात्या, एक घास तरी" म्हणत माझा हात धरला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी जिलेबीच्या परातीत आडवा झालो. नंतर मला कळलं की पहिली काही मिनिटं लोकांना वाटलं, तात्यांना जिलेबी बघून राहवलं नाही.

बारामतीच्या दवाखान्यात शुद्ध आली. डॉक्टर, मुलगा, दोघंही पलंगाशी.

"गोळी कुटून घेतली होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

"डंकावरच्या भाभी कुटून देतात," मुलगा म्हणाला.

"ही कुटायची नसते. मी यांना सांगितलं होतं."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. "तात्या, तुमाला सांगितलं होतं?"

तेव्हा मी म्हणालो, "व्हय. मी भाभींना सांगितलं होतं, ही कुटू नका म्हणून."

एवढं एक वाक्य. सलाईन लावलेल्या माणसाचं वाक्य कोण तपासून बघतो?

मुलगा त्याच संध्याकाळी डंकावर गेला. तिथे काय झालं ते मंडळींनी मला पुढे सांगितलं, त्या त्याच्या मागोमाग गेल्या होत्या. बाया मिरच्या घेऊन बसलेल्या. मुलगा सगळ्यांच्या देखत ओरडला, "तात्यांनी सांगितलं असताना कुटलीच कशाला? फुकट करताय म्हणून कायबी करणार?"

भाभींनी डंक बंद केला. विचारलं, "तात्या म्हनले असं? मला सांगितलं होतं म्हणून?"

"व्हय."

भाभी म्हणाल्या, "मग सांगितलं असंल. डंक चालू असंल तवा. मला ऐकू आलं नसंल."

माझ्या शब्दावर त्यांचा इतका विश्वास होता की त्यांनी स्वतःच्या कानांना खोटं ठरवलं.

मी घरी आलो. गावात गोष्ट तयार झाली होती. काहींनी त्यात आणखी एक शब्द मिसळला होता, भाभींच्या धर्मावरून. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. पण तो माझ्या ओटीवर बसून, माझा चहा पीत उच्चारला गेला आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो, हे लिहायलाच हवं.

डंकावर गेलो तेव्हा पितळी खल जागेवर नव्हता. मिरचीला माणसं येत होती, कारण मिरची कुणाला मारत नाही. औषध घेऊन मात्र कुणी येत नव्हतं, आणि आलं तरी भाभी परत पाठवत होत्या. त्याहून वाईट म्हणजे, कुणीही तोंड उघडलं की त्या लगेच बटण दाबून डंक बंद करायच्या. "काय म्हनलीस? परत सांग." बाई म्हणायची, "न्हाय भाभी, नुसती जांभई दिली." पुन्हा चालू, पुन्हा बंद. एका पायलीच्या कांडपाला दुपार जायची. जाडसर बोलणाऱ्यांसाठी डंक चालू ठेवणाऱ्या भाभी आता जांभईला डंक बंद करत होत्या.

मी त्यांना सांगितलं. ताबडतोब नाही, बरेच दिवस घालवून, पण सांगितलं. "भाभी, मी तुमाला सांगितलंच नव्हतं. मी खोटं बोललो."

त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"तात्या, तुमी मनाला लावून घेऊ नका. माझं कानच गेल्यात. डंकानं जात्यातच. पोरगी म्हणती, इंदापूरला ये, दाखवू डॉक्टरला."

"अवो, खरंच सांगतोय."

"तुमचं मन मोठं हाय."

मग मी थांब्यावरच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं. मी म्हणालो, मला गोळी गिळायची भीती वाटत होती, म्हणून मी लपवलं. सगळे हसले. टपरीवाला म्हणाला, "तात्या, तुमी आन भेणार? बिबट्याला पळवलेला माणूस तुमी." दुसरा म्हणाला, "बाईला सांभाळून घेताय. असं मन पाहिजे." आणि माझ्या चहाचे पैसे कुणीतरी देऊन टाकले. मी गुन्हा कबूल करायला गेलो आणि सत्कार होऊन परत आलो.

आता त्या बिबट्याचंही सांगून टाकतो. नोकरीत असताना एका उसाच्या फडात बिबट्या निघाला. तोडणीवाले पळाले, मी एकटा उभा राहिलो, त्याच्या डोळ्याला डोळा दिला आणि तो निघून गेला, असं लोक सांगतात. खरं असं आहे की पाणी दिलेल्या सरीत माझा पाय मांडीपर्यंत रुतला होता आणि मला तो निघत नव्हता. बिबट्यानं माझ्याकडे पाहिलं. एवढं मोठं जेवण बघून तोही गोंधळला असावा. जांभई देऊन गेला. लोक परत आले तेव्हा मी अजून उभाच होतो, आणि त्यांनी जे समजून घेतलं ते मी वर्षानुवर्षं खोडलं नाही. त्या शौर्यामुळे आता माझ्या भित्रेपणावर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

तेव्हा मला समजलं की बोलून भागणार नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी मी ती गुलाबी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन डंकावर गेलो. बाया रांगेत बसल्या होत्या.

"भाभी, डंक बंद करा," मी म्हणालो. "ही गोळी मला सबंध गिळायचीय. ऑपरेशननंतर एकदा छातीत अडकली, तवापास्नं मी एकही सबंध गोळी गिळलेली न्हाय. बघा."

"बघू. गिळा."

मी बाकड्यावर बसलो. गोळी जिभेवर ठेवली. हात लगेच थरथरायला लागले, तांब्यातलं पाणी धोतरावर सांडलं. गोळी बाहेर काढली. पुन्हा ठेवली. घाम कानामागून मानेवर उतरला. मला नाटक करायची गरजच पडली नाही. घशातून असा आवाज निघाला की एका बाईचं लेकरू रडायला लागलं.

"तात्या," भाभी म्हणाल्या, "बिबट्या गिळाय सांगितला न्हाय तुमाला. एवढीशी गोळी हाय."

"मला भ्या वाटतंय, भाभी."

कुणी हसलं नाही. खोटी भीती आणि खरी भीती यांतला फरक बायांना सांगावा लागत नाही. भाभी माझ्यासमोर येऊन खाली बसल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, पूड उजेडाला धरून बघायच्या तसं.

"म्हंजे डॉक्टरनं तुमाला आधीच गिळाय सांगितलं होतं," त्या हळूहळू म्हणाल्या.

"व्हय."

"आन ही कुटायची न्हाय, हे बी."

"व्हय."

"आन तुमी मला सांगितलं न्हाय."

"न्हाय."

"डंक चालू असताना बी न्हाय."

"कवाच न्हाय."

त्यांनी हात उचलून आपल्या कानाला लावला. "म्हंजे माझं कान शाबूत हायेत?"

मला वाटलं होतं त्या सुटल्यासारख्या होतील. त्या उठल्या आणि रागानं त्यांचा आवाज बसला. "तात्या, निजताना रोज मी आठवत बसायचे. कुठं उभी होते, काय बोलले, डंक कवा चालू होता. माझ्या हातनं माणूस मेला असता म्हणून मी दवाखान्याच्या बाजूला तोंड करून दुवा मागायचे. आन तुमाला गोळी कडू लागत होती व्हय?"

"कडू न्हाय, भ्या—"

"गिळा आता."

मी गिळली. कशी ते मला सांगता येणार नाही. गेली.

"जावा घरी," त्या म्हणाल्या आणि डंक चालू केला. त्या दिवशी तो दुपारपर्यंत एकदाही बंद झाला नाही, असं मंडळींनी सांगितलं.

पुढे कितीतरी दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी बाकड्यावर जाऊन बसायचो, त्या मला बसू द्यायच्या, इतकंच. त्यांनी खल बाहेर काढला, घासला, एका म्हातारीच्या गोळ्या पुन्हा कुटून दिल्या. पण आता प्रत्येक नव्या गोळीला त्या विचारायच्या, "डॉक्टरला विचारलंस का, ही कुटली तर चालंल का?" आणि बाई बोलायच्या आधीच बोट माझ्याकडे करायच्या. "ह्यांच्याकडं बघून सांग." मला ते लागत असे. लागायलाच हवं होतं.

एक दिवस त्यांनी न विचारता माझ्यापुढे चहाचा कप ठेवला, अर्धा. पोट लहान केलेल्या माणसाला किती द्यायचा ते त्यांना माहीत होतं. त्यावरून मी समजलो.

राहिला माझा मुलगा. मी त्यालाही सांगितलं होतं, आणि त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, कारण घरात माझे थरथरणारे हात तो बघत होता. पण तो भाभींकडे गेला नाही. "कुठल्या तोंडानं जाऊ, तात्या? सगळ्यांच्या देखत बोललोय मी." मी म्हणायचो, माझ्यामुळे बोललास. तो म्हणायचा, "तोंड माझं होतं." एसटी थांब्यावरून जाताना तो गाडीची काच वर करायचा. मिरचीचा खकाणा येतो म्हणून, असं सांगायचा. मी त्याला कधी जोर करून नेलं नाही. नेता आलं असतं. मला वाटलं, वेळ आहे.

मग भाभींचे डोळे अधू झाले. मुलीनं त्यांना इंदापूरला नेलं, डंक विकला. शेडमध्ये आता मोबाइलचं दुकान आहे आणि थांब्यावर कुणी शिंकत नाही. गोष्ट मात्र राहिली. गावातल्या बायांना खरं माहीत आहे, पण बारामतीला, कन्हेरीला, नात्यात सगळीकडे अजून जुनीच चालते, कारण ती ऐकायला बरी वाटते. मी दुरुस्त करायला गेलो की लोक म्हणतात, तात्यांचं मन मोठं.

त्या गेल्याचा फोन सकाळी आला. मी चप्पल घालत होतो तर मुलगा गाडीची किल्ली घेऊन दारात उभा. इंदापूरला कब्रस्तानाच्या फाटकापाशी मला वाटलं तो बाहेर थांबेल. तो माझ्या पुढे आत गेला. माणसं बाजूला सरून त्याला वाट देत होती, तो कोण आहे हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांनी मूठ-मूठ माती दिली. मुलानं दिली, मागे सरला, पुन्हा पुढे आला आणि पुन्हा दिली. एक वयस्क गृहस्थ त्याला हळूच म्हणाले, "झालं बाळा." तरी तो ओंजळीत माती घेऊन उभा होता. ओठ हलत होते. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.

बाहेर नळ होता. सगळे हात धूत होते. तो नळाजवळून तसाच पुढे गेला आणि गाडीत बसला. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस तुटत होता. मी त्याच्या हातांकडे बघत होतो. स्टिअरिंगवर, गिअरवर, काचेच्या बटणावर, जिथे जिथे त्याचा हात लागला तिथे माती लागत गेली, आणि त्यानं ती पुसली नाही.